हसळीची मागची बाजू

आमच्या घरात दागिना सरळ बघायची पद्धत नव्हती. कुणी नवी अंगठी आणली, कुणी लेकीच्या लग्नाचा हार दाखवायला घेऊन आलं, की मोठी माय आधी तो पालथा घालायची. चष्मा कपाळावर चढवायची आणि दागिना डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन त्याची पाठ वाचायची. "पहिले उलटा कर, मंग सांग कसा शे," हे तिचं वाक्य माझ्या लहानपणी इतक्यांदा कानावर पडलं, की आजही सराफाच्या दुकानात माझी बोटं आपोआप दागिना पालथा घालतात. दुकानदाराला वाटतं, मी हॉलमार्क शोधतेय.

पुढची बाजू घालणाऱ्याची, मागची बाजू घडवणाऱ्याची, असा त्यामागचा हिशेब होता. पुढे नक्षी असते, झळाळी असते. मागे डाग दिलेली जागा दिसते, कानशीचे ओरखडे दिसतात, घाई दिसते, नाहीतर घाई नसलेली दिसते. मोठी माय स्वतः कधी ऐरणीवर बसली नाही. पण तिचे वडील सोनार, सासरा सोनार, नवरा सोनार. मागच्या बाजूवरून ती माणसं ओळखायची. "हाऊ तुना नानाना हात," किंवा "हाऊ आपला नही," असं ती सांगायची तेव्हा तिच्याशी वाद घालायची हिंमत घरच्या ऐरणीवर बसणाऱ्या नानांनीही कधी केली नाही.

एका सेटपुढे मात्र ती गप्प व्हायची.

तो खारव्याच्या लाल कापडात बांधून पितळी डब्यात ठेवलेला असायचा, आणि दिवाळीला पूजेपुरता बाहेर निघायचा. तीन नग: गळ्यातली हसळी, कमरपट्टा आणि तोड्यांची जोडी. सगळी चांदी. घरात त्याला 'राजाना साज' म्हणत. हसळी ४२ तोळ्यांची, कमरपट्टा ५१ तोळ्यांचा, तोड्यांची जोडी ६० तोळ्यांची. आजच्या मापात मिळून पावणेदोन किलोच्या थोडं वर. हसळी पुढे मधोमध माझ्या अंगठ्याएवढी जाड, दोन्ही टोकांकडे निमुळती होत गेलेली, आणि टोकं ठोकून चपटी करून उलटी वळवलेली. पुढच्या भागावर तीन ओळींत त्रिकोण, प्रत्येक त्रिकोणाच्या पोटात एक टिंब. मी लहान असताना ती टिंबं मोजायचे आणि दरवेळी वेगळा आकडा यायचा.

हा साज कुणी घडवला, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तो आला कसा, याच्या मात्र तीन कथा होत्या.

मोठी मायची कथा सर्वांत साधी. नानांच्या वडिलांकडे, म्हणजे आमच्या मोठ्या बाबांकडे, सातपुड्यातल्या मेवासी संस्थानातल्या एका वाड्यावरून हा साज डाग द्यायला आला होता. कमरपट्ट्याची एक कडी निखळली होती. मोठ्या बाबांनी ती जोडली, साज रिठ्याच्या पाण्यात उजळून ठेवला, आणि घ्यायला कुणी आलंच नाही. एक होळी गेली, दुसरी गेली. निरोप पाठवले, उत्तर नाही. मग साज राहिला तो राहिलाच. मोठे बाबा मरेपर्यंत म्हणत होते, हे आपलं नाही, हे ठेवलेलं आहे.

आत्याची कथा निराळी. तिच्या मते साज गहाण आला होता. दुष्काळाचं साल, वाड्याचं वैभव उतरलेलं, रात्रीच्या वेळी बैलगाडीतून एक बाई आली, तिने अंगावरचे तीन नग उतरवले आणि धान्याचे पैसे घेऊन गेली. आत्या ही कथा सांगायची तेव्हा त्या बाईचा चेहरा कसा होता तेही सांगायची, जरी हे तिच्या जन्माच्या आधीचं होतं.

तिसरी कथा नानांच्या चुलतभावाची, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णांना साज बडोद्याचा वाटायचा. नवापूरवरून सीमा ओलांडली की सोनगड लागतं. बडोद्याआधी गायकवाडांचं ठाणं या सोनगडला होतं, पिलाजीराव तिथूनच वर आले. तेव्हा आपल्या पूर्वजांपैकी कुणीतरी त्या दरबारात कामाला असणार, आणि हा साज त्याच्याच हातचा असणार, असं अण्णा ठासून सांगत. त्यांना पुरावा विचारला की ते छातीवर हात ठेवायचे. मला लहानपणी हीच कथा सर्वांत आवडायची. आपल्या घरातल्या माणसाने राजासाठी काही घडवलं, हे ऐकायला कुणाला आवडणार नाही?

नाना या तिन्ही कथा ऐकून घेत आणि काम करत राहत. आमचं दुकान म्हणजे घराची पुढची ओटी. बागेसरीत कोळसे फुललेले, शेजारी मूस, टाकणखाराची वाटी, तोंडात फुंकणी. नाना फुंकर मारत तेव्हा गाल फुगत नसत, पोट आत जायचं. संध्याकाळी ओटी झाडली तरी केर बाहेर टाकायचा नाही. तो एका डब्यात साठायचा. काही महिन्यांनी झारेकरी यायचा, ती राख-माती धुऊन त्यातले कण काढायचा आणि ठरलेले पैसे देऊन जायचा. धातूचा एक कण वाया जात नव्हता त्या ओटीवर. ज्याने तो धातू घडवला त्याचं नाव मात्र कुठल्याच डब्यात साठत नव्हतं.

नाना मुळात सोन्याचे कारागीर. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी झाली. चिनी युद्ध नुकतंच झालेलं, परकीय चलन वाचवायचं होतं, सोन्याची चोरटी आयात थांबवायची होती. अर्थमंत्री मोरारजी देसाईंचा हा निर्णय. देशभरात सोनारांच्या भट्ट्या विझल्या. १४ कॅरेटचं सोनं आपल्या बायका हातात घ्यायला तयार नव्हत्या. त्या रंगाला त्या सोनं म्हणतच नव्हत्या. पुढे नियम सैल झाले, १९६८ ला कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला, पण नानांच्या पिढीचं जे व्हायचं ते पहिल्या दोन वर्षांतच झालं. ओळखीतले कुणी विड्या वळायला बसले, कुणी शाळेत शिपाई झाले. नाना चांदीकडे वळले, आणि चांदी म्हणजे आमच्याकडे डोंगरातलं गिऱ्हाईक. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शहाद्याच्या वरच्या अंगाची गावं. भिल्ल, पावरा बायका होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात पाटीभर धान्य विकून यायच्या आणि ओट्यावर बसून सांगायच्या, कसं हवंय ते. चित्र नाही, पुस्तक नाही. गळ्यातली हसळी काढून पुढ्यात ठेवायची: अशी, पण टोकं जरा जास्त वळलेली.

नाना म्हणायचे, त्या वर्षांत मी बोलणं कमी आणि ऐकणं जास्त शिकलो. सोन्याच्या गिऱ्हाइकाला नवीन नमुना हवा असतो. या बायकांना आईच्या गळ्यात होता तोच हवा असायचा, आणि त्यात सुताएवढा फरक झाला तरी त्या ओळखायच्या.

माप घ्यायची रीतही माझ्या लक्षात आहे. मनगटाला, गळ्याला, घोट्याला सुती दोरा गुंडाळायचा आणि जिथे टोक टेकतं तिथे गाठ मारायची. कुणाचा दोरा कोणता हे गाठींवरून कळायचं: एक गाठ, दोन गाठी, गाठीत अडकवलेला लाल धागा. मोठ्या बाबांच्या काळापासूनचे असे दोरे एका चहाच्या डब्यात होते. त्यांवर एकही अक्षर नव्हतं. माणसं कधीच गेली आणि त्यांच्या गळ्यांचे, मनगटांचे घेर तेवढे डब्यात राहिले.

राजाच्या साजाचा माग काढायचा असं मी ठरवलं ते नाना गेल्यावर. सुरुवात अर्थात पालथं घालण्यापासून केली.

हसळीच्या आतल्या बाजूला नक्षी नाही, पण ती बाजू सोडून दिलेलीही नाही. गळ्याच्या हाडावर जिथे ती टेकते तिथे हाताने घासून इतकी गुळगुळीत केलीय, की बोट फिरवलं तर कुठे थांबत नाही. तोड्यांच्या आत मात्र हातोडीचे घाव स्पष्ट दिसतात, शेजारी शेजारी, एकसारखे, सुपारीच्या तुकड्यासारखे. डावखुऱ्या माणसाचे घाव कलतात कसे ते नानांनी मला एकदा दाखवलं होतं. हे तसे नव्हते. कमरपट्ट्याच्या चौदाव्या कडीवर एक डाग इतर सगळ्या डागांपेक्षा जाड आणि पिवळट. हीच मोठ्या बाबांनी जोडलेली कडी. म्हणजे मोठी मायच्या कथेतला तेवढा भाग खरा. इतक्या हातांतून गेलेल्या त्या साजावर ज्याचं नाव मला ठाऊक आहे असा तो एकच डाग आहे, तोही दुरुस्तीचा.

तळोद्याला नानांच्या जोडीला बसलेले एक वृद्ध कारागीर होते. त्यांना हसळी दाखवली. त्यांनी ती हातात तोलली, डोळे मिटले आणि म्हणाले, "रुपया शे हाऊ." बाजारात तुकड्याची चांदी मिळायच्या आधी चांदी म्हणजे रुपयाच. राणीछाप, नंतर राजाछाप. इंग्रजी अमलातल्या त्या रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. त्यामुळे रुपया हा पैसाही होता, धातूही होता आणि वजनाचं मापही होता. गिऱ्हाईक पारड्यात रुपये मोजून टाकायचं. ४२ रुपये दिले तर ४२ रुपयांच्या वजनाची हसळी परत यायला हवी, आणि घडणावळ वेगळी. लिहिता न येणाऱ्या माणसालाही या हिशेबात फसवता येत नव्हतं. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ ला ती पार गेली. पेढीवरच्या यंत्रात हसळीची शुद्धता एक्याण्णवच्या आसपास निघाली. ही चांदी जुन्या रुपयाची, एवढं त्यावरून मानायला हरकत नाही. घडवली कधी ते यंत्र सांगत नाही. लोकांनी जुने रुपये मडक्यात पुरून कितीतरी वर्षं जपले होते.

त्या म्हाताऱ्या कारागिराने आणखी एक गोष्ट केली. हसळीची दोन्ही टोकं धरून त्याने ती किंचित फाकवली आणि सोडली. ती परत जागेवर आली. "वितयनारा मानूस गरीब नव्हता," तो म्हणाला. चांदी ठोकली की कडक होते, तापवली की नरम पडते. किती वेळा तापवायची आणि कुठे थांबायचं, यावर हसळीची लवचीकता ठरते. घाई करणारा कारागीर शेवटचं तापवणं करून मोकळा होतो, मग ती घालताना वाकते आणि वाकलेलीच राहते. ज्याला घाई नाही, ज्याची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर अवलंबून नाही, तोच असा स्प्रिंगसारखा ताव ठेवू शकतो. अण्णांच्या बडोद्याच्या कथेला इथे थोडं बळ मिळालं, असं मला क्षणभर वाटलं.

म्हणून बडोद्याकडे वळले. खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवून घेतला. सुमारे १५ लाख बसराई मोती, मध्ये हिऱ्यांची फुलं, माणिक, पाचू. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर चढवायला म्हणून तो केला, असं सांगतात. १८७० मध्ये खंडेराव गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०२-०३ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांनी तो डोळे भरून पाहिला. पुढे बडोद्याच्या महाराणी सीतादेवींबरोबर तो मोनॅकोला गेला, आणि २००९ मध्ये दोह्याला सुमारे ५५ लाख डॉलरना त्याचा लिलाव झाला. करवून घेणाऱ्याचं नाव आहे, ज्यांच्याकडे गेला त्यांची नावं आहेत, लिलावाची रक्कम आहे. ते १५ लाख मोती ज्यांनी एकेक करून टाचले, त्यांची नावं त्या वर्णनात येत नाहीत. एका माणसाचं ते काम नव्हतंच. भोक पाडणारा वेगळा, रंगावरून आणि आकारावरून निवडणारा वेगळा, ओवणारा वेगळा, खड्याची बैठक करणारा वेगळा. त्याच सीतादेवींसाठी १९५० मध्ये पॅरिसच्या व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सने केलेला हार मात्र आजही त्या पेढीच्या नावाने ओळखला जातो.

नाशिकच्या हिऱ्याचंही असंच. त्र्यंबकेश्वराचा तो हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांकडून इंग्रजांच्या हाती गेला, लंडनला पोहोचला. पुढे कुणी किती पौंडांना घेतला, कुणाच्या तलवारीच्या मुठीत बसवला, १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने त्याला पुन्हा पैलू पाडून ४३.३८ कॅरेटवर कसा आणला, हे सगळं दशांशापर्यंत नोंदलेलं. ज्याने तो पहिल्यांदा घासला त्या आपल्याकडच्या माणसाची ओळख तेवढी नाही.

याचा मला राग यायचा. आता राग उरलेला नाही, कारण नाव ठेवायची गरज कुठून येते हे थोडं कळलं. इंग्लंडमध्ये १३६३ पासून चांदीकाम करणाऱ्याला स्वतःची खूण उठवणं सक्तीचं झालं. ते कारागिराचा मान म्हणून झालं नव्हतं. चांदीत भेसळ निघाली तर धरायचं कुणाला, हे कळावं म्हणून झालं होतं. आपल्याकडे धरायचं कुणाला हे गावाला ठाऊकच होतं. सोनार बलुतेदार, त्याचं घर समोर, त्याचा मुलगा आपल्या मुलाबरोबर खेळतो. त्याला खूण कशाला हवी? गावात त्याचं नाव कागदावर चढायचं ते पोतदार म्हणून, नाणं खरं की खोटं हे पारखणारा म्हणून. १८८० च्या खानदेश गॅझेटियरातही सोनार भेटतो तो जात म्हणून, धंदा म्हणून. ज्याने चांदीवर स्वतःची खूण उठवली तो भुजचा उमरसी मावजी, 'ओ. एम.' ही इंग्रजी अक्षरं ठोकणारा. त्याच्या सुरया आणि चहाची भांडी साहेबांच्या टेबलावर जात होती, आणि साहेबाला विकत घेतलेल्या वस्तूवर नाव लागायचं. २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळख सक्तीची झालीय. तिच्यावरून पेढी सापडते, शुद्धता तपासणारं केंद्र सापडतं. ऐरणीवर बसलेला माणूस त्यातही सापडत नाही.

महाराष्ट्रात ज्या एका सोनाराचं नाव सगळ्यांच्या ओठी आहे ते नरहरी सोनार. त्यांची आठवणही घडलेल्या दागिन्याची नाही, न बसलेल्या दागिन्याची आहे. सावकाराच्या नवसाचा विठ्ठलाचा कमरपट्टा, मापाला दरवेळी चुकणारा, आणि शेवटी डोळे बांधून मूर्तीला हात लावल्यावर हाताला लागलेला शंकर. मोठी माय ही कथा सांगताना भक्तीवर फार थांबायची नाही. ती म्हणायची, बघ, माप डोळ्याने नाही घ्यायचं, हाताने घ्यायचं.

आणि नंदुरबार? १३४२ च्या सुमारास इब्न बतूता दौलताबादहून पश्चिमेकडे जाताना आमच्या गावावरून गेला. छोटं गाव, मराठ्यांची वस्ती, आणि हे लोक हस्तकलेत निपुण, वैद्यकी आणि ज्योतिष जाणणारे, असं त्याने लिहून ठेवलंय. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता या गावावरून जायचा, कापड, मसाले, चांदी सगळं इथून फिरायचं. पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या माणसाच्या लक्षात आमचे हात राहिले, हे वाचलं तेव्हा मला फार भरून आलं. कुणाचे हात, ते त्यानेही लिहिलं नाही. माणिक चौकातून जाताना मला हे नेहमी आठवतं. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथे शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांना चले जावच्या मिरवणुकीत पोलिसांच्या गोळ्या लागल्या. पाच मुलं. लालदास, धनसुखलाल, शशीधर, घनश्याम ही नावं गावातलं शेंबडं पोरही सांगतं. नाव जपायचं ठरवलं तर हे गाव जपतं.

दोऱ्यांचा डबा मी शेवटी उघडला. खरं तर भीती वाटत होती. त्यातला एखादा दोरा त्या हसळीशी, तोड्यांशी जुळला असता, तर साज आमच्याच ओटीवर घडला असं म्हणता आलं असतं, अण्णांचं स्वप्न अर्धं तरी खरं झालं असतं. डब्यात एकोणीस दोरे शाबूत निघाले, बाकीचे हातात घेताच विरले. मी एकेक हसळीच्या आतल्या घेरावर फिरवला, मग कमरपट्ट्यावर, मग तोड्यांवर. मोठी माय पलंगावर बसून बघत होती. एकही जुळला नाही. सर्वांत जवळचा दोरा दीड बोट आखूड. "मी सांगेल व्हतं ना," ती म्हणाली, "हाऊ आपला नही." तिच्या आवाजात दुःख नव्हतं. उलट दुसऱ्याचं काम आपल्या नावावर चढलं नाही म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं असावं.

मग मी आयुष्यात एकदाच तो साज अख्खा घराबाहेर नेला. काठीच्या होळीला.

अक्कलकुव्याच्या वर, सातपुड्यात काठी हे मेवासी संस्थानचं गाव. तिथली राजवाडी होळी दूरदूरच्या डोंगरातल्या माणसांना खेचून आणते. उंच बांबूचा दांडा जंगलातून आणलेला, त्याच्यासाठी हातांनी माती काढून केलेला खड्डा, डोक्यावर मोरपिसांचे मोठे टोप घातलेले आणि अंगावर राखेची टिंबं काढलेले बुध्या, कमरेला सुकलेले दुधी आणि घुंगरं, ढोलांचा आवाज रात्रभर. ज्यांनी नवस केला ते कित्येक दिवस पाळणी पाळतात, खाटेवर बसतसुद्धा नाहीत. आणि चांदी. रात्री पेट्रोमॅक्सच्या आणि आता विजेच्या दिव्यांत गळ्यागळ्यातून लखलखणारी. पूर्वीइतकी नाही, असं सगळे म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात पुष्कळ चांदी आटली. गहाण पडलेली सुटली नाही, आणि न सुटलेली मुशीत गेली. दागिन्याचा मृत्यू असा होतो, चोरीने फारसा नाही. आटला की घडवणाऱ्याच्या हाताची शेवटची खूणही पाण्यासारखी सपाट होते.

एका झाडाखाली काही म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीच्या गळ्यात आमच्यासारखीच हसळी होती, तेच तीन ओळींचे त्रिकोण. मी माझी काढून तिच्या हातात दिली. तिने आधी काय केलं असेल? पालथी घातली. आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला, गळ्याच्या हाडावर येते त्या गुळगुळीत जागी थांबवला, आणि शेजारणीकडे बघून काहीतरी बोलली. तिच्या नातवाने मला मराठीत सांगितलं: आजी म्हणते, हिला घालून कुणी पुष्कळ नाचलंय. ही घासलेली जागा सगळी सोनाराने केलेली नाही, अर्धी गळ्याने केलेली आहे.

मी एवढी वर्षं त्या गुळगुळीत जागेत एका माणसाचा हात शोधत होते.

मी तिला घडवणाऱ्याबद्दल विचारलं. हा नमुना कुठल्या गावच्या बायकांचा, हे तिने लगेच सांगितलं, डोंगराची दिशाही हाताने दाखवली. सोनार कोण, यावर तिने मान हलवली. सोनार खालच्या बाजारातले असायचे, येत-जात राहायचे. नमुना मात्र तिच्या आजीचा होता आणि तिच्या आजीच्या आजीचा. सोनार तो बायकांकडून शिकला. मग तिने विचारलं, होळी पेटेपर्यंत घालू का?

मी दिली. तिने दोन्ही टोकं धरली, हसळी जराशी तिरकी केली आणि मानेच्या बाजूने एका झटक्यात आत सरकवली. मला हे कधी जमलं नव्हतं. मी ती नेहमी समोरून घालायला बघायचे. आता तिच्या गळ्यात दोन हसळ्या होत्या, एकीवर एक, आणि चालताना त्या एकमेकींवर आपटून बारीक आवाज करत होत्या. ती नाचणाऱ्यांच्या फेरात शिरली आणि मला दिसेनाशी झाली. माझ्याबरोबर आलेली बहीण घाबरली, बेचाळीस तोळे म्हणाली. मला घाबरायला झालं नाही.

पहाटे पाचच्या सुमारास दांड्याला आग लागली. ढोल वाढले, मग थांबले. उजाडता उजाडता ती म्हातारी नातवाचा हात धरून शोधत शोधत माझ्याकडे आली, घामाने भिजलेली, कपाळावर राख. हसळी काढून तिने माझ्या तळहातावर ठेवली. चांदी तापून तिच्या अंगाएवढी गरम झाली होती.